खाली कटिंग टेबल, वर गादी: झोपायचा माळा करून घेतला त्याबद्दल

सांगाडा उत्तम, शिडी कामचलाऊ, तारखेच्या बाबतीत नापास. घाईत असाल तर एवढं पुरे. पण एका खोलीच्या घरात झोपायचा माळा करून घ्यायचं मनात असेल तर पुढचंही वाचा. हे काम ज्या गोष्टींवर तरतं किंवा फसतं त्या फोटोत येत नाहीत, आणि विचारल्याशिवाय फारसं कुणी सांगतही नाही.

आधी माझी गरज सांगते. मी मापं घेऊन कपडे शिवून देते. घर म्हणजे एकच खोली, बारा बाय पंधरा फुटांची. त्यातच ओटा, कपाट, शिलाई मशीन, ओव्हरलॉक आणि कटिंग टेबल. टेबल चार बाय सहाचं लागतंच. त्याहून लहान असलं की मोठ्या पन्ह्याचं कापड दुमडून कापावं लागतं आणि कात्री भलतीकडे जाते. पलंगही जवळपास तेवढीच जागा खातो. दोन्ही जमिनीवर मावेनात, तेव्हा दिवसा पलंगावर कापड आणि रात्री कापडाच्या शेजारी मी, असा कारभार चालला होता. भिंतीत दुमडून ठेवायचे पलंग बघितले. ते वाईट नसतात, पण रोज रात्री त्यांच्यापुढची जागा मोकळी करावी लागते. टाचण्या लावून ठेवलेला कपडा रोज गोळा करायचा आणि सकाळी पुन्हा पसरायचा, म्हणजे काय होतं ते शिवणाऱ्याला सांगायला नको. म्हणून वर जायचं ठरवलं.

पहिल्यांदा तयार लोखंडी माळे पाहिले. खोक्यात सुटे भाग येतात आणि घरी जोडायचे, तसले. दुकानात मांडलेल्या नमुन्याचा पाय धरून एका हाताने हलवला तर वरची उशी सरकली. विक्रेता म्हणाला, "मॅडम, झोपल्यावर वजनाने घट्ट बसतो." वजनाने काही घट्ट बसत नाही. वजन उंचावर गेलं की हेलकावा उलट वाढतो. शिवाय उंची कंपनीने ठरवलेली, तीत बदल नाही. माझ्या खोलीत तो आणला असता तर खाली वाकून कापायचं आणि वर वाकून बसायचं, दोन्ही माझ्याच मानेवर.

मग ओळखीतून लोखंडी काम करणारा एक लहान कारखाना मिळाला. मिस्त्री, एक वेल्डर, एक सुतार आणि एक पोरगा, एवढाच पसारा. पुढे तक्रारीही लिहायच्या आहेत, तेव्हा नाव घेत नाही.

मिस्त्री पहिल्यांदा घरी आले ते टेप काढायच्या आधी मला म्हणाले, "ताई, त्या स्टुलावर बसा. पाठ भिंतीला टेकवा." मी दिवसभर लोकांची मापं घेते, माझं माप घेणारं कुणी भेटत नाही, त्यामुळे जरा गंमतच वाटली. त्यांनी डोक्यावर आडवी पट्टी धरून भिंतीवर पेन्सिलची खूण केली, त्यातून स्टुलाची उंची वजा केली आणि वहीत लिहिलं: बैठक ८५. मग विचारलं, "केस बांधून झोपता की सोडून?" हा प्रश्न ऐकला आणि काम यांनाच द्यायचं हे माझं मनातल्या मनात ठरलं.

त्यानंतर स्लॅबची उंची चारही कोपऱ्यांत मोजली. एकाच ठिकाणी मोजून चालत नाही, कारण जमीन आणि छत दोन्ही सरळ असतील असं घर विरळा. माझ्याकडे एका कोपऱ्यात २९५ सेंमी भरले आणि जिथे माळा यायचा तिथे २९४. हिशोब कमी मापावर धरायचा. आता गणित बघा, कारण सगळा खेळ याच्यातच आहे. खाली उभं राहायला सहा फूट, म्हणजे १८३ सेंमी. त्यावर सांगाड्याचा पाइप ८ सेंमी. त्यावर लाकडी पट्ट्या, जेमतेम २ सेंमी. त्यावर गादी १० सेंमी. झाले २०३. वर उरले ९१. माझी बैठक ८५, म्हणजे डोक्यावर सहा सेंमी हवा. चार बोटंही नाहीत म्हणा, पण ताठ बसता येतं. सकाळी उठून ताठ बसता येणं आणि कोपरावर रेलत सरपटत बाहेर येणं, यातला फरक पहिल्या आठवड्यातच कळतो.

या गणितात त्यांनी एक कारागिरी केली, ती मला आधी लक्षात आली नव्हती. सहसा बाहेरची चौकट करतात आणि मधले आडवे पाइप तिच्यावर ठेवून वेल्ड करतात. काम पटकन होतं. यांनी मधले पाइप चौकटीच्या आत, वरच्या कडा एका पातळीत येतील असे बसवले. पाइप नेमक्या मापात कापावा लागतो, टोकं घासावी लागतात, वेळ दुप्पट जातो. पण ४ सेंमी वाचतात. वर पाइप टाकले असते तर डोक्यावरच्या सहातले दोनच उरले असते. त्यात हौसेने १५ सेंमीची गादी घेतली असती तर बैठकीपेक्षा छत तीन सेंमी खाली. कुणाकडूनही काम करून घ्या, पण मधले पाइप आत बसवणार की वर ठेवणार, हे चित्र काढतानाच विचारा.

मी १८३ च्या ऐवजी १९० मागत होते. खाली मोकळं वाटावं म्हणून. मिस्त्रींनी विचारलं, "खाली कोण कोण उभं राहणार?" खरं तर मी एकटीच. गिऱ्हाईक आरशापुढे उभं राहतं आणि आरसा माळ्याच्या बाहेर आहे. माझी उंची १६३. "मग सत्तावीस सेंमी हवेत कशाला टाकता, वर द्या." पटलं.

पाइपाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण कोटेशनमध्ये फक्त 'एमएस स्क्वेअर पाइप' (साध्या पोलादाचा चौकोनी पाइप) लिहिलेलं असतं आणि त्यावरून काहीच कळत नाही. सगळीकडे ५० बाय ५० चा, २ एमएम जाडीचा पाइप सांगतात. तो मीटरला साधारण तीन किलो भरतो. यांनी लांब बाजूंना ८० बाय ४० चा, अडीच एमएमचा पाइप लावला. तो साडेचार किलो मीटर. म्हणजे लोखंड दीडपट. पण ८० ची बाजू उभी ठेवली तर त्याचा ताठपणा ५० च्या पाइपाच्या तिपटीहून थोडा जास्त होतो. तोच पाइप आडवा टाकला तर उभ्याच्या एक तृतीयांश ताठपणा उरतो. सगळी किमया उभ्या मापाची. दुसरी गोष्ट लांबीची: मध्यावर तेवढंच वजन ठेवून पाइपाची लांबी दुप्पट केली तर वाक दुप्पट नव्हे, आठपट होतो. म्हणून लांब माळा मागणाऱ्याला कुणी "होऊन जाईल" म्हणालं तर मध्ये पाय देणार का, हे विचारावं. माझा माळा २१० बाय १३० चा आहे आणि समोरच्या बाजूला मध्ये पाय नाही, कारण तिथे टेबलाशी मी उभी राहते. मध्यावर गुडघे टेकून बसलं तरी खाली झुकल्याचं जाणवत नाही.

वाकण्यापेक्षा त्रास असतो तो डुलण्याचा. चार पाय आणि वर चौकट, एवढ्यावर कुठलाही माळा बाजूला झुलणारच. चौकोन तिरपा होऊ शकतो, त्रिकोण होऊ शकत नाही. म्हणून तिरका टेका हवा. माझ्या माळ्याला मागच्या आणि कडेच्या बाजूला भिंतीलगत तिरके टेके आहेत, समोरच्या दोन कोपऱ्यांना हातभर लांबीचे कोन आहेत आणि वर दोन ठिकाणी सांगाडा इमारतीला बांधलेला आहे. कुठे बांधायचं ते ठरवताना त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. कोपऱ्याच्या अलीकडे पलीकडे बोटांनी ठोकलं, मग बारीक ड्रिलने भोक पाडलं आणि खाली कागद धरला. प्लास्टरची पांढुरकी भुकटी आली, मग लाल. "वीट. इथे नको." चार बोटं सरकून दुसरं भोक. पांढुरकी, मग करडी, आणि ड्रिलचा आवाजही बदलला. "हा कॉलम." म्हणजे काँक्रीटचा खांब. दहा एमएमचा अँकर, म्हणजे भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट, तिथे बसला. पोकळ ब्लॉकच्या किंवा नुसत्या विटांच्या भिंतीत फुगणारा अँकर धड पकड घेत नाही, आज घट्ट वाटतो आणि रोजच्या हादऱ्यांनी सैल होतो. पाडलेली चुकीची भोकं त्यांनी लगेच बुजवली, हेही लिहायला हवं. बहुतेक जण "रंगवाल्याला सांगा" म्हणून निघून जातात.

घर भाड्याचं आहे. मालकीणबाईंना दोन शंका होत्या: भिंतीचं काय, आणि खालच्या स्लॅबला भार होईल का. भिंतीला दोनच बोल्ट आहेत आणि वजन सगळं पायांवर जातं, भिंत फक्त डुलू देत नाही, हे चित्र काढून दाखवल्यावर पहिली शंका मिटली. दुसरीसाठी साधा हिशोब आहे. राहत्या घराची जमीन तिच्या स्वतःच्या वजनाखेरीज चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून बांधतात. माळ्याखाली पावणेतीन चौरस मीटर जागा आहे, म्हणजे पाचशे किलोंच्या वर. सांगाडा, गादी, मी आणि खालचं कापडांनी लादलेलं टेबल मिळूनही आम्ही त्याच्या निम्म्याच्या आत आहोत. पायांखाली पंजाएवढ्या पट्ट्या आणि रबर आहे, त्यामुळे फरशीवर टोकाचा भार येत नाही. पायांना फिरवून उंची कमी-जास्त करायचे स्क्रू आहेत, जमिनीचा उतार तिथे गिळला जातो.

वेल्डिंग घरात केलं नाही, याचे वेगळे गुण देते. सगळं कारखान्यात जोडून, पावडर कोटिंग करून, बोल्टांनी सोडवता येईल अशा भागांत आणलं. घरात फक्त ड्रिल आणि पाने. माझ्या खोलीत कापडांचे तागे असतात, ठिणग्या उडणं परवडलं नसतं. पण याच चांगुलपणातून शिडीची भानगड झाली.

शिडी. इथून तक्रारी.

त्यांनी शिडीचा कोन ७० अंशांचा धरला, तो बरोबर आहे. तळाशी ७० सेंमी जागा लागते. ६० अंश केला असता तर ११० सेंमी लागले असते आणि माझं कपाट उघडलं नसतं. पायऱ्या सात, दोन पायऱ्यांत २४ सेंमी, गोल पाइप न देता चपट्या, १० सेंमी रुंद. गोल पाइपवर अनवाणी चढलात की तळपायाच्या मध्यभागी जी कळ येते ती मी तयार माळ्यावर चढून अनुभवली होती, म्हणून चपट्या पायऱ्या आधीच बजावून सांगितल्या होत्या. इथवर ठीक. पण शिडी माळ्याच्या काठापाशी संपली. वर धरायला काही नाही! चढताना गादीवर हात टेकून चढता येतं, उतरताना मात्र पाठमोरं होऊन एक पाय खाली सोडायचा आणि हाताने चादर पकडायची. चादर हा आधार नव्हे. शिडीचे दोन्ही दांडे, निदान एक, माळ्याच्या पातळीच्या दोन-अडीच फूट वर आलेच पाहिजेत. बैठकीचं माप घेणाऱ्या माणसाला हे सुचू नये याचं मला अजूनही नवल वाटतं.

सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही, दांडा आणून लावला. पण पावडर कोटिंग म्हणजे भुकटी उडवून सुमारे २०० अंशांच्या भट्टीत भाजलेला थर. त्यावर नंतर वेल्ड केलं की तो जळतो, आणि हातरंगाने तिथे ठिगळ दिसतं. म्हणून दांडा क्लँप लावून बोल्टने आवळला. घट्ट आहे, रोज सगळं वजन त्यावर टाकून उतरते. पण क्लँपचं लोखंड चकचकीत, बाकी सगळं काळं मॅट. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. त्यांनी क्लँप काढून नेऊन काळा करून देतो म्हटलं होतं. अजून नेलेला नाही.

कठड्याबद्दल मी स्वतः वाचून गेले होते. युरोपात उंच पलंगांसाठी ईएन ७४७ नावाचं मानक आहे. त्यात कठडा गादीच्या वर किमान १६ सेंमी असावा आणि मोठ्या फटी साडेसात सेंमीच्या वर जाऊ नयेत असं आहे. अमेरिकेतल्या नियमात हेच आकडे ५ इंच आणि साडेतीन इंच आहेत. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, हे दोन्हीकडे सांगितलेलं आहे. मिस्त्रींच्या चित्रात कठड्याच्या दोन पट्ट्यांत १२ सेंमी अंतर होतं. माझी भाची सुट्टीत येते, ती सातची आहे आणि माकडाच्या जातीची आहे, म्हणून मी सात मागितले आणि मिळाले. कठडा गादीच्या वर २५ सेंमी आहे. यात मेख अशी की हे माप गादीवरून मोजायचं, सांगाड्यावरून नाही. म्हणजे आज कठडा पुरेसा आहे आणि उद्या कुणी जाड गादी आणली तर तोच कठडा कमी पडतो. गादी आधी ठरवा, मग माळा.

गादीखाली प्लायचा अख्खा तक्ता न टाकता पट्ट्या टाका, असं सुतारानेच सुचवलं. झोपेत अंगातून दमटपणा निघतो, तो गादीतून खाली उतरतो. खाली बंद तक्ता असेल तर तिथेच कोंडतो आणि काही महिन्यांनी गादी उचलल्यावर काळे ठिपके दिसतात. पट्ट्यांमध्ये तीन बोटांची फट आहे, हवा खेळते. एक तोटा: वरून पडलेली केसांची पिन थेट खाली कापडात येते. मी गादीखाली पातळ सुती चादर ताणून बांधली आहे.

आवाज. सुरुवातीला बिलकूल नव्हता. नंतर कूस बदलली की उजव्या पायथ्याशी बारीक 'कुर्र' यायला लागलं. लोखंड बोल्टने जोडलेलं असलं की पहिल्या काही आठवड्यांत जोड बसतात आणि बोल्ट किंचित सैल होतात, हे साहजिक आहे. पोरगा पाना घेऊन आला, सगळे बोल्ट आवळले, तरी कुरकुर थांबेना. मग मीच खाली टेबलावर उभी राहून एकेक पट्टी दाबत गेले आणि चोर सापडला: एक पट्टी पाइपावर घासत होती. बोल्टचा काही दोष नव्हता. मशीनच्या पट्ट्यासाठी आणलेला फेल्टचा तुकडा पट्टी आणि पाइपाच्या मध्ये सरकवला, आवाज बंद. नंतर सगळ्याच पट्ट्यांखाली फेल्टची पट्टी चिकटवली. हे त्यांनी करूनच द्यायला हवं होतं. लाकूड लोखंडावर नुसतं ठेवलं की आज ना उद्या बोलणारच.

पंख्याच्या बाबतीत मिस्त्री हट्टी निघाले आणि बरं झालं. छताचा पंखा खोलीच्या मध्यावर होता. पाती माळ्याच्या काठापासून लांब होती, पण पांघरूण झटकताना हात किती लांब जातो ते त्यांनी मला करून दाखवायला लावलं. पंखा पलीकडे सरकल्याशिवाय जोडणी सुरू करणार नाही, असं सांगून मोकळे झाले. वीजवाला शोधणं मात्र माझ्याकडे आलं. आता वर उशाशी भिंतीवरचा छोटा पंखा आहे, जाळीचा.

तोही कमीच पडतो, खरं सांगायचं तर. गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलेलं असतं, पण त्या हवेत झोपणं वेगळं. खाली दार उघडल्यावर गारवा येतो तो टेबलापर्यंत. वर छताला चिकटलेली हवा तशीच. त्यातून वरती गच्ची असेल तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत अंगावर ऊब टाकत राहतो, आणि तुमचं नाक त्याच्यापासून हातभर अंतरावर असतं. माझ्यावर आणखी एक मजला आहे म्हणून निभावतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर उन्हाळ्यातल्या एका रात्री उंच घोडीवर तासभर बसून बघा, मग ठरवा. थंडीत मात्र ही जागा सोडवत नाही.

धूरही तसाच आधी वर साठतो. माझ्याकडे इस्त्री आहे, कापड आहे, म्हणून माळ्याच्या जवळ छताला धुराचा अलार्म लावला. कारखान्याने याचा उल्लेख केला नव्हता आणि त्यांचं ते कामही नाही, पण वर झोपणाऱ्याने लावून घ्यावा.

दिव्यांचं काम त्यांच्याकडे नव्हतं, फक्त सांगाड्याच्या खालच्या बाजूला वायर जायला भोकं ठेवायला सांगितली होती, ती ठेवली. कडांना रबरी कडीही घातली, वायर कापली जाऊ नये म्हणून. माळ्याखाली दिवसासुद्धा अंधार होतो, हे आधीच धरून चाला. मी ४००० केल्विनच्या (ना पिवळा ना निळसर, मधला पांढरा उजेड), सीआरआय ९० च्या वरच्या दिव्यांच्या पट्ट्या लावल्या. सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. साध्या पट्टीखाली गडद निळा आणि काळा दोरा वेगळा ओळखता येत नाही, आणि माझं पोट त्या ओळखण्यावर आहे. वर मात्र पिवळा, मंद दिवा, आणि त्याचं बटण वर आणि शिडीच्या पायथ्याशी, दोन्हीकडे. हे दुहेरी बटण विसरू नका. अंधारात सात पायऱ्या उतरून दिवा लावायचा असेल तर दिवा कशाला हवा?

सर्वांत कंटाळवाणं काम चादर घालण्याचं. हे कुणीच सांगत नाही. तुम्ही ज्या गादीवर चादर घालणार त्याच गादीवर तुम्ही गुडघ्यांवर बसलेले असता. भिंतीकडचा कोपरा उचलायचा तर स्वतःचं वजन दुसऱ्या कोपऱ्यावर, डोकं छताच्या खाली तिरकं. मी चारही कोपऱ्यांना इलास्टिक घातलेली चादर शिवली, तीही दोन इंच सैल, म्हणजे एका हाताने चढते. आल्यागेल्यांना तशा शिवूनही दिल्या. पांघरूण रोज घडी घालण्याचा मी नाद सोडला आहे. खालून कुणाला दिसत नाही.

ज्यांना रात्री दोनतीनदा उठावं लागतं, ज्यांचे गुडघे बोलतात, चक्कर येते किंवा झोपेच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी या वाटेला जाऊ नये. तापाने फणफणलेली असताना मी दोन रात्री खाली टेबलाशेजारी चटई टाकून झोपले. आणि खोलीची उंची साडेआठ फूट किंवा कमी असेल तर उभं राहण्याइतका माळा सोडूनच द्या. गादी छातीच्या उंचीवर घेऊन खाली फक्त खण करा किंवा बसून काम करण्याएवढी जागा ठेवा. दोन्हीकडे थोडंथोडं कापलं की दोन्हीकडे निरुपयोगी होतं.

राहिलं वागणं. बोलायला सगळे नीट. काम झाल्यावर लोखंडाचा कीस चुंबक फिरवून गोळा केला, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. कापडात एक कण गेला असता तर धुतल्यावर गंजाचा डाग. पण तारीख! "परवा नक्की" हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की शेवटी मीच गिऱ्हाइकांना तो वापरायला लागले. फोन उचलत नाहीत असं नाही, उचलतात आणि गोड बोलतात, त्याने जास्त चिडचिड होते. पलंग आधीच देऊन टाकला होता, त्यामुळे मधल्या काळात गादी जमिनीवर, टेबल भिंतीला उभं आणि कटिंग बंद. तुम्ही माळा उभा राहिल्याशिवाय पलंग हलवू नका.

सांगाड्याला पैकीच्या पैकी, शिडीला निम्मे, वेळेला शून्य. शिडीच्या बाजूला तागे ठेवायला मांडणी हवी आहे, तीही त्यांनाच सांगितली आहे. या वेळी चित्रात धरायचा दांडा मी स्वतः काढून दिला, तारीख लिहून घेतली, आणि अर्धी रक्कम क्लँप काळा होऊन आल्यावर देणार आहे.